गोळ्या चालू होत्या, फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं: आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अडीच वर्षांपूर्वी तुम्ही आयुर्विम्याची पॉलिसी घेतली. फॉर्म एजंटने भरला, सह्या तुम्ही केल्या. तेव्हा मधुमेहाच्या गोळ्या सुरू होऊन चार वर्षं झाली होती. एजंट म्हणाला, ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे ना, मग लिहू नका, उगाच हप्ता वाढेल.’ त्या रकान्यात ‘नाही’ पडलं. आता ओळखीतलं कोणी सांगतंय की तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला काहीच करता येत नाही, तेव्हा सहा महिने गप्प बसा. गप्प बसावं की कळवावं, कळवलं तर पॉलिसी जाईल का, आणि विमा घेताना नेमकं काय काय सांगणं बंधनकारक असतं, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं उत्तर आधीच देतो: कळवा, आणि सहा महिने थांबू नका. त्याची कारणं मात्र नीट समजून घ्या, कारण ‘खोटं बोलू नये’ एवढंच ते कारण नाही. बावीस वर्षं मी दावे तपासले. आधी कंपनीत बसून, आणि नंतर नाकारलेल्या दाव्यांची कागदपत्रं घेऊन येणाऱ्या कुटुंबांच्या शेजारी बसून. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच दिसली. आयुर्विम्यात फॉर्मवर ‘नाही’ लिहिणारा माणूस दाव्याच्या वेळी हयात नसतो. त्या ‘नाही’चा जाब त्याच्या बायकोला, मुलांना, म्हाताऱ्या आईला विचारला जातो, आणि बहुतेक वेळा त्यांना तो रकाना फॉर्ममध्ये होता हेसुद्धा माहीत नसतं.

विम्यात हा नियम इतका कडक का, ते आधी पाहू. एखादी वस्तू विकत घेताना ती पारखून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते, विकणाऱ्याने प्रत्येक दोष आपणहून सांगितलाच पाहिजे असं नाही. विम्याचं तसं नाही. इथे विमा कंपनी जी गोष्ट पत्करते ती म्हणजे तुमची जोखीम, आणि ती जोखीम केवढी आहे हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. रात्री छातीत दुखून उठलात, वडिलांना पन्नाशीच्या आत झटका आला होता, दिवसाला किती सिगारेटी ओढता, हे बाहेरून दिसत नाही. ते तुम्ही सांगितलं तरच कळतं. म्हणून विम्याच्या करारात दोन्ही बाजूंनी साध्या प्रामाणिकपणाच्या पुढचा प्रामाणिकपणा अपेक्षित आहे. त्याला परम सद्भावाचं तत्त्व म्हणतात. कायद्याच्या पुस्तकांत ‘उबेरिमा फिडेस’ हे लॅटिन नाव येतं.

या तत्त्वाचा पाया म्हणून ज्या खटल्याचं नाव घेतलं जातं तो इंग्लंडमधला, १७६६ सालचा. सुमात्रा बेटावर ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता. तिथल्या कार्टर नावाच्या गव्हर्नराने किल्ला शत्रूच्या हाती पडला तर भरपाई मिळावी असा विमा लंडनमध्ये उतरवला. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा बोम म्हणाला, किल्ला कमकुवत होता आणि फ्रेंच हल्ला करण्याची शक्यता होती हे मला सांगितलंच नाही, तेव्हा मी पैसे देणार नाही. निकाल लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी दिला. जोखीम ज्या खास बाबींवरून मोजायची त्या बहुतेक वेळा विमा घेणाऱ्यालाच ठाऊक असतात, विमा देणारा त्याच्या सांगण्यावर विसंबतो, म्हणून त्या दडवल्या तर करार टिकत नाही, हे तत्त्व त्यांनी तिथे मांडलं. आणि तरीही जिंकला कार्टर. कारण युद्ध चालू आहे, किल्ला कुठे आहे, शत्रू कोण आहे, हे लंडनमध्ये बसलेल्या विमा देणाऱ्यालाही माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं. जे आपल्याला ठाऊक आहे ते सांगितलं नाही म्हणून विमा देणाऱ्याला हात झटकता येत नाहीत.

हा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात, आणि कंपन्यांचे काही अधिकारीही विसरतात. सांगण्याचं कर्तव्य मोठं आहे, पण ते नकाराचं आयतं हत्यार नाही. या निकालानंतर अडीचशेहून अधिक वर्षं झाली, तरी दाव्यांचे वाद आजही याच दोन प्रश्नांभोवती फिरतात: विमेदाराने महत्त्वाची गोष्ट दडवली का, आणि कंपनीला ती ठाऊक होती किंवा सहज कळण्यासारखी होती का.

महत्त्वाची गोष्ट कोणती? १९०६ च्या इंग्लंडच्या सागरी विमा कायद्याने त्याचं मोजमाप शब्दांत बांधलं आणि भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात तेच आलं. हप्ता किती घ्यायचा किंवा जोखीम घ्यायची की नाही, हे ठरवताना एखाद्या समंजस विमा कंपनीच्या निर्णयावर जिचा परिणाम होईल ती प्रत्येक बाब महत्त्वाची. आयुर्विम्यात आणि आरोग्यविम्यातही न्यायालयं याच मापाने मोजत आली आहेत. इथे तुमचं स्वतःचं मत मोजलं जात नाही, हे लक्षात घ्या. ‘मला वाटलं शुगर ही काय मोठी गोष्ट’ या उत्तराला किंमत राहत नाही, कारण ती मोठी की लहान हे ठरवण्यासाठीच तर प्रश्न विचारलेला असतो. सर्दी झाली, पोट बिघडलं, पाय मुरगळून आठवड्यात बरा झाला, असल्या गोष्टी कोणी मागत नाही. पण रोज घ्यावी लागणारी कोणतीही गोळी, कोणतंही ऑपरेशन, रुग्णालयात काढलेली रात्र, डॉक्टरांनी ‘ही तपासणी करून घ्या’ म्हणून दिलेली चिठ्ठी आणि तुम्ही ती न केलेली तपासणी, हे सगळं सांगण्याच्या यादीत येतं.

न केलेल्या तपासणीवर जरा थांबतो. माणसाला जे माहीत नाही ते तो सांगू शकत नाही. आत चुपचाप वाढणारा आजार त्याला ठाऊक नव्हता, तर त्याने काही लपवलं असं म्हणता येत नाही, आणि अशा कारणाने नाकारलेला दावा लढण्यासारखा असतो. पण डॉक्टरांनी संशय बोलून दाखवला, चिठ्ठी हातात दिली, आणि ‘अजून निदान कुठे झालंय’ म्हणून फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं, तर ते न जाणणं नव्हे. फॉर्ममध्ये साधारणपणे ‘एखादी तपासणी सुचवली गेली आहे का’ असा प्रश्न वेगळा असतो, तो याचसाठी.

आता तुमच्या मनात असणारच असा एक मुद्दा, कारण तो प्रत्येकाच्या मनात असतो: ‘कंपनीने माझी मेडिकल केली होती. रक्त तपासलं, ईसीजी काढला. त्यात काही सापडलं नाही, मग आता माझ्यावर ठपका का?’ मेडिकल तपासणी त्या दिवसाचं चित्र दाखवते. गोळ्या नियमित घेणाऱ्या माणसाची उपाशीपोटीची शुगर नेमकी गोळ्यांमुळेच व्यवस्थित येते. ‘एचबीए१सी’ ही चाचणीसुद्धा साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. चार वर्षांपूर्वी ती किती होती, ते सांगत नाही. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाचा ईसीजी अगदी साधा येऊ शकतो. रक्तदाबाचं तसंच. म्हणून मेडिकलला तुमच्या उत्तराच्या जागी ठेवता येत नाही. ती त्या उत्तराची फक्त जोड आहे. मात्र तपासणीच्या अहवालात शुगर वाढलेली स्पष्ट दिसत होती आणि तरी कंपनीने काही न विचारता पॉलिसी दिली, तर गोष्ट पालटते. तेव्हा तुमचं मेडिकल झालं असेल तर त्या अहवालाची प्रत मागून घ्या. २०२१ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने परदेश प्रवासाच्या आरोग्यविम्याच्या एका प्रकरणात विमेदाराच्या बाजूने निकाल दिला. त्याने मधुमेह सांगितलेला होता, कंपनीने तपासून पॉलिसी दिली होती, आणि हृदयविकाराचा झटका आल्यावर मात्र जुन्या आजाराचं कारण पुढे केलं होतं. कळलेली जोखीम पत्करल्यावर तिच्याच नावाने दावा नाकारता येत नाही, हा त्याचा गाभा. तुमची अडचण अशी की तुम्ही सांगितलेलंच नाही.

एजंटचं काय? भारताच्या विमा कायद्यातल्या, म्हणजे १९३८ च्या कायद्यातल्या कलम ४५ मध्ये असं म्हटलं आहे की करार घडवण्यापुरता, विमा मिळवून देण्यासाठी बोलणी करणारा माणूस कंपनीचा प्रतिनिधी समजला जाईल. हे वाचून बरेच जण निर्धास्त होतात. पण एजंटला तुम्ही आजार सांगितला होता, हे सिद्ध कसं करणार? तोंडी बोलण्याचा साक्षीदार कोण? फॉर्मच्या शेवटी ‘वरील उत्तरं मी वाचली आहेत, ती खरी आहेत’ अशा अर्थाची प्रतिज्ञा असते आणि तिच्याखाली तुमची सही असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एका निकालात, फॉर्म दुसऱ्याने भरला आणि मी न वाचता सही केली, हा बचाव मान्य केला नाही. ते प्रकरण आजाराचं नव्हतंच. विमेदाराने दोनच महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीकडून घेतलेली पॉलिसी सांगितली नव्हती, एवढ्यावर दावा नाकारला गेला आणि तो नकार टिकला.

एजंटने तुम्हाला ‘लिहू नका’ असा मेसेज पाठवला असेल, तर तो जपून ठेवा. बोलणं फोनवर झालं असेल तर हाती काही नाही असं समजूनच पुढे चला. मला या मंडळींविषयी राग आहे हे लपवत नाही. चांगले एजंट मी खूप पाहिले, रात्री-अपरात्री दाव्याच्या कुटुंबाबरोबर रुग्णालयात बसणारे पाहिले. पण ‘लिहू नका’ म्हणणारा माणूस आपल्या कमिशनसाठी दुसऱ्याच्या घराचा आधार काढून घेत असतो, आणि दाव्याच्या दिवशी त्याचा फोन लागत नाही.

आता तीन वर्षांकडे येऊ. तुम्हाला मिळालेला सल्ला कायद्याच्या दृष्टीने हवेतला नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ४५ सांगतं की आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने वादात आणता येणार नाही. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती, पण त्यानंतरही फसवणूक सिद्ध झाली तर कंपनीला दार उघडं होतं. आता तीन वर्षांनंतर तेही बंद. तीन वर्षांच्या आत मात्र दोन वाटा आहेत. फसवणूक असेल तर पॉलिसी रद्द करता येते. फसवणूक नसून महत्त्वाची माहिती चुकीची दिली किंवा दडवली असेल, तरी रद्द करता येते, पण तोवर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत द्यावे लागतात. दोन्ही वेळा कंपनीने कारणं आणि पुरावा लेखी कळवायला हवेत. आणखी एक: दिलेलं चुकीचं उत्तर जोखमीशी थेट निगडित होतं, खरं कळलं असतं तर आम्ही ही पॉलिसी दिलीच नसती, हे दाखवण्याचं ओझं कंपनीवर आहे.

मग सहा महिने थांबलं तर काय बिघडलं?

पहिली गोष्ट, तीन वर्षं कुठून मोजायची. पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची तारीख, रायडर म्हणजे मूळ पॉलिसीला जादा संरक्षण जोडल्याची तारीख, यांतली जी सर्वांत उशिराची ती. मधे एखादा हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि तुम्ही ती पुन्हा सुरू करून घेतली असेल, तर घड्याळ तिथून नव्याने सुरू झालं. शिवाय पॉलिसी पुन्हा सुरू करताना तब्येतीची नवी प्रतिज्ञा भरून घेतली जाते. तिथेही ‘नाही’ लिहिलं असेल तर आता दोन खोटी उत्तरं आहेत. मोजणारी मंडळी बहुतेक वेळा पहिल्या पावतीपासून मोजतात, आणि तिथेच फसतात.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. या सहा महिन्यांत तुम्हाला काही झालं तर तुमच्या हातात विमा नाही, कागद आहे. तुम्ही हप्ते भरताय, घरच्यांना वाटतंय की आपली सोय आहे, आणि ती सोय प्रत्यक्षात नाही. तुम्ही पॉलिसी घेतली ती नेमकी अशाच अनपेक्षित दिवसासाठी ना? मग त्यातले सहा महिने ‘काही होणार नाही’ असं धरून काढायचे, तर ती पॉलिसी घेतली कशाला? माझ्या टेबलावर आलेल्या फायलींमध्ये तीन वर्षं भरायला थोडे दिवस उरलेले असताना गेलेली माणसं होती. त्यांच्या बायकांना ‘दोन महिने आणखी जगले असते तर’ हा हिशेब समजावून सांगणं मला जमलेलं नाही, आणि तो समजावून सांगायची वेळ कोणावर येऊ नये.

आणि तिसरी, जी कायद्यात लिहिलेली नाही. तीन वर्षांचं संरक्षण ज्यांच्यासाठी आहे ती माणसं वेगळी आहेत. वर्षानुवर्षं हप्ते भरले, कुठलंसं जुनं दुखणं आठवलं नाही म्हणून लिहायचं राहिलं, आणि वीस वर्षांनी कंपनीने ते उकरून काढलं, असं त्यांच्या बाबतीत होऊ नये, यासाठी ती मुदत आहे. जाणूनबुजून दडवून दिवस मोजणाऱ्यालाही ती संरक्षण देते, हे खरं आहे. पण त्याच्या वाट्याचा धोका इतर विमेदारांच्या हप्त्यांतून भरला जातो. विमा कंपनी म्हणजे कोणाची तरी मोठी तिजोरी नव्हे; सारख्या जोखमीच्या माणसांनी थोडा-थोडा वाटा टाकून भरलेला तो डबा आहे. कमी वाटा टाकून पूर्ण हिस्सा घेतला की कोणाचा तरी वाटा वाढतो. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही प्रश्न विचारलात याचा अर्थ ते तुम्हाला आधीच टोचतंय.

आरोग्यविम्यात हेच थोडं वेगळं आहे, आणि तुमच्याकडे तीही पॉलिसी असेल तर हे वाचाच. २०२४ च्या नियमांनुसार सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर माहिती न दिल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. म्हणजे तिथे गप्प राहण्याला आयुर्विम्याइतकं संरक्षणही नाही. उलट सांगितलेल्या जुन्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा. तो संपला की त्या आजाराचा खर्चही मिळू लागतो. गणित सरळ आहे: सांगितलं तर ठरावीक काळ थांबून हक्काने मिळतं, नाही सांगितलं तर कधी मिळेल आणि कधी नाही, याचा भरवसा नाही.

दडवलेलं सापडतं कसं, असं लोक मला विचारतात. जणू त्यासाठी गुप्तहेर लागतात. बहुतेक वेळा ते रुग्णालयाच्या कागदावर पहिल्याच ओळीत असतं. रुग्ण दाखल होतो तेव्हा ड्यूटीवरचा डॉक्टर पूर्वेतिहास विचारतो आणि लिहितो: ‘ज्ञात मधुमेही, सहा वर्षांपासून, गोळ्या चालू.’ हे सांगणारं कोण? तुम्ही स्वतः, किंवा घाबरलेली बायको. आणि तिने ते सांगायलाच हवं, कारण उपचार त्यावर अवलंबून असतात. कंपनी तेच केस पेपर मागवते. पुढे जुन्या डॉक्टरची चिठ्ठी, प्रयोगशाळेतले अहवाल, आधी घेतलेल्या रजांचे दाखले, आधीच्या विम्याच्या नोंदी. विशेषतः पॉलिसी घेतल्यावर लवकर आलेला दावा असेल तर ही तपासणी होतेच.

याच ओळीने प्रामाणिक माणसांचाही घात होतो, म्हणून हे सांगून ठेवतो. मध्यरात्री दाखल करताना नातेवाईक गोंधळलेले असतात. ‘किती वर्षांपासून बीपी आहे?’ याला ‘असेल दहा-एक वर्षं’ असं तोंडातून निघतं, आणि खरं तर तीन वर्षं झालेली असतात. ती ‘दहा’ कागदावर कायमची बसते, आणि पाच वर्षांपूर्वी खरं बोलून घेतलेली पॉलिसी संशयात येते. माझ्याकडे असं एक कुटुंब आलं होतं. सुदैवाने पहिल्या निदानाची चिठ्ठी त्यांनी जपून ठेवलेली होती, आणि तिच्यामुळे दावा मंजूर झाला. तुमच्या आजाराच्या पहिल्या निदानाची तारीख घरात कोणाला तरी माहीत हवी. केस पेपरवर चुकीचं काही लिहिलं गेलं तर रुग्णालयातून निघण्याआधीच पुराव्यासह ते दुरुस्त करून घ्या. चुकीचं ते बरोबर करायला सांगा, बरोबर ते चुकीचं करायला नको.

घराचा, दुकानाचा, गाडीचा विमा असेल तर तत्त्व तेच, बाबी वेगळ्या. घर बंद असतं का, तळमजल्यावर ज्वालाग्राही माल ठेवला आहे का, गाडी घरच्या वापराची म्हणून दाखवून भाड्याने चालते का, मागच्या वर्षी दावा घेऊनही बिनदाव्याची सूट मागितली का. तिथे पॉलिसी सहसा वर्षाची असते आणि प्रत्येक नूतनीकरण हा नवा करार, म्हणून जे बदललं ते दर वर्षी सांगायचं. आयुर्विम्यात तसं नाही. पॉलिसी सुरू झाल्यानंतर झालेला आजार कळवण्याची सक्ती नसते. पण फॉर्म भरला आणि पॉलिसी मिळाली, या दोन तारखांच्या मधे काही निदान झालं, तर ते कळवलंच पाहिजे. हा मधला काळ लोकांच्या लक्षात राहत नाही. फॉर्म भरताना खरं लिहिलं होतं, पंधरा दिवसांनी अहवाल आला, आणि पॉलिसी महिन्याभराने मिळाली. इथे गप्प राहणं म्हणजे दडवणंच.

न विचारलेलंही सांगायचं का, या प्रश्नाचं उत्तर देशोदेशी बदलत चाललंय. जुना नियम असा की विचारो वा न विचारो, महत्त्वाचं ते आपणहून सांगायचं. सामान्य माणसावर हे फार मोठं ओझं होतं. विमा कंपनीला काय महत्त्वाचं वाटेल हे त्याने कसं ओळखावं? ब्रिटनने २०१२ च्या कायद्याने वैयक्तिक ग्राहकासाठी ते काढून टाकलं. तिथे आता विचारलेल्या प्रश्नांना वाजवी काळजी घेऊन खरी उत्तरं देणं एवढंच कर्तव्य आहे. ग्राहकाच्या हातून निष्काळजीपणे चूक झाली आणि खरं कळलं असतं तर कंपनीने जास्त हप्ता घेतला असता, तर दावा त्या प्रमाणात कमी करून देतात, पूर्ण नाकारत नाहीत. जाणूनबुजून खोटं असेल तर मात्र नाकारतात. ऑस्ट्रेलियानेही २०२१ पासून ग्राहकांच्या विम्यासाठी तशीच वाट धरली. मला ही वाट न्याय्य वाटते. चुकीच्या आकाराएवढी शिक्षा असावी. आपल्याकडच्या कायद्यात दाव्याची अशी प्रमाणात कपात लिहिलेली नाही, वय चुकलं असेल तर तेवढा फेरहिशेब होतो. बाकी बऱ्याचदा एकतर सगळं, नाहीतर काहीच नाही.

न्यायालयं मात्र हळूहळू तारतम्य पाहताना दिसतात. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पाठीच्या मणक्याचं दुखणं न सांगितल्यावरून नाकारलेला दावा द्यायला लावला, कारण मृत्यू हृदयविकाराने झाला होता आणि त्या दुखण्याशी त्याचा संबंध नव्हता. २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात एक मोठी पॉलिसी सांगितली पण छोट्या पॉलिसी सांगायच्या राहिल्या, एवढ्यावरून दावा नाकारणं चूक ठरवलं. पण या निकालांवर भिस्त ठेवून फॉर्म भरू नका. ती कुटुंबं सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली तेव्हा त्यांना ते मिळालं. शिवाय मधुमेहाचा संबंध हृदय, मूत्रपिंड, डोळे, पाय अशा इतक्या अवयवांशी लावता येतो की ‘मृत्यूशी संबंध नव्हता’ हे म्हणणं तुमच्या घरच्यांना जड जाईल.

तर आता करायचं काय. मधुमेहाचं पहिलं निदान केव्हा झालं त्याची चिठ्ठी, आतापर्यंतचे एचबीए१सीचे अहवाल, सध्याच्या गोळ्यांची चिठ्ठी, हे एकत्र करा. भरलेल्या फॉर्मची प्रत पॉलिसीसोबत आली असेल. नसेल तर कंपनीकडे मागा. ती संपूर्ण वाचा, फक्त मधुमेहाचा रकाना नको. तंबाखू, घरातल्यांचे आजार, इतर पॉलिसी, आधी कोणी नाकारलेला प्रस्ताव, उत्पन्न, काम, सगळं. ज्याने एका ठिकाणी ‘नाही’ लिहिलं त्याने आणखी दोन ठिकाणी लिहिलेलं असतं, हा माझा अनुभव आहे. जे जे चुकलंय ते एकदाच सगळं कळवायचं. तुकड्या-तुकड्यांनी कळवलं की विश्वास उडतो.

पत्र कंपनीला थेट लिहा, एजंटमार्फत नको. पॉलिसी क्रमांक, फॉर्मची तारीख, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर गेलं, खरं उत्तर काय, आजार केव्हापासून, सध्या औषधं कोणती, सोबत कोणते कागद. एजंटने काय सांगितलं ते एका वाक्यात लिहा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका. सही तुमची आहे आणि पत्रात ते मान्य केलेलं बरं. जास्त हप्ता लागत असेल तर तो भरायची तयारी आहे, हेही लिहा. पत्राची पोच घ्या, ई-मेल केला तर उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. हप्ते या काळात बंद करू नका.

पुढे काय होईल हे मी हमीने सांगू शकत नाही. कंपनी पॉलिसी आहे तशी ठेवू शकते, जास्त हप्ता मागू शकते, किंवा हप्ते परत करून पॉलिसी रद्द करू शकते. पत्रानंतर ती रद्द केल्याच्या घटना मी पाहिल्या आहेत, आणि शुगर आटोक्यात असलेल्या माणसांकडून थोडा वाढीव हप्ता घेऊन पॉलिसी चालू ठेवल्याच्याही. रद्द झाली तर दुसरीकडे नवा फॉर्म भरताना ‘आधी पॉलिसी रद्द झाली आहे का’ या प्रश्नाला ‘होय’ लिहावं लागेल, आणि मधुमेह सांगून मिळणारा विमा महाग पडेल. हे नुकसान खरं आहे, ते मी लहान करून सांगत नाही. पण ते नुकसान तुम्ही हयात असताना, कमावते असताना, दुसरी तजवीज करायला वेळ असताना होतं. कंपनीचा निर्णय पटला नाही तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे लेखी दाद मागा आणि तिथेही समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकिलाची गरज नाही. कंपनीचा नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते.

पत्र लिहिण्याआधी घरी सांगा. हे शेवटी लिहितोय, पण करायचं आधी आहे. पॉलिसी ज्यांच्यासाठी घेतली त्यांना तिच्यातली चूक तुमच्या तोंडून कळू द्या, कंपनीच्या पाकिटातून नको. आणि पत्राची पोच आली की ती पॉलिसीच्या फायलीत लावून, फाइल कुठल्या कपाटात आहे ते दाखवून ठेवा.